ओरेस्तेने जपलेली गाडी

ओरेस्तेसारखी गाडी अख्ख्या ब्रिसिगेल्ला गावात कुणी जपली नाही, हे एर्सिलियाने त्याच्या अंत्ययात्रेतही ऐकून घेतलं होतं. बायको कशी जपली, हे एकाही मेल्याने विचारलं नाही.

छप्पर उघडणारी ती लाल गाडी चाळीस वर्षं गॅरेजात दुलईखाली लोळली. जुलैत संत क्रिस्तोफरच्या सणाला पाद्रीबाबा चौकात ट्रॅक्टरपासून सगळ्या वाहनांवर तीर्थ शिंपडत, तेव्हाही ओरेस्तेने ती बाहेर काढली नाही. तीर्थाचे डाग पडतात म्हणे! एर्सिलियाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी पाऊस होता. मग ती शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोतून, कोबीच्या खोक्यांना टेकून इस्पितळात गेली.

आता गाडी विकायला काढली, तर बोलोन्याहून आगगाडीने फुल्वियोसाहेब आले. सोबत बायको, मिरेल्ला. कुठे पुट्टी भरलीय का, ते बघायला फुल्वियोने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. मग तो किलोमीटरच्या आकड्याकडे वाकला.

"इतकीच चालली? अहो, हीच तर खरी किंमत! देवमाणूस होते हो तुमचे मिस्टर."

"देवमाणूसच. कधी कुणाच्या उपयोगी पडले नाहीत."

ऊन लागलं म्हणून मिरेल्लाने दार उघडून आत टेकायला पाय उचलला.

"अगं ए! चामडं आहे ते! बाहेर उभी राहा. ही नुसती बघायची, कळलं?"

मिरेल्लाने मुकाट्याने पाय खाली घेतला. तिला सवयच होती.

एर्सिलियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक गेला, तर दुसरा पैसे घेऊन दारात!

"विकते," ती म्हणाली. "पण कागद हिच्या नावावर होतील."

"चेष्टा करता, सिन्योरा?"

"चेष्टा चाळीस वर्षं माझी झाली. गाड्यांचे कागद करणाऱ्या एजन्सीत हिचं नाव लागेल, किल्ली हिच्या हातात. नाहीतर आल्या वाटेने चालू पडा."

"वर आणखी देतो."

"तुमचे पैसे घाला चुलीत!"

फुल्वियोने गाडीकडे बघितलं, मग बायकोकडे. अशी गाडी पुन्हा मिळायची नाही, हे तो जाणून होता.

"बरं," तो पुटपुटला. "कागदावर काय, कुणाचंही नाव असू दे. घरी गेल्यावर बघू."

"ओळखपत्र पर्समध्येच आहे माझ्या," मिरेल्ला पहिल्यांदाच बोलली. "आणि घरी तुम्ही आगगाडीने या."