स्वतःचीच बहीण

पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर सव्वीस वर्षं काढली मी. रिपोर्ट चांगला असला की पाकीट सरळ पेशंटच्या हातात द्यायचं. वाईट असला की मान खाली घालून विचारायचं, सोबत कोणी आलंय का? मग जो आला असेल त्याला बाजूला घ्यायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं, सगळीकडे असंच चालायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढला. केमो झाली, केसही परत आले. मग यंदा कंबर ठणकायला लागली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स घसरत निघाल्या. रक्त वाढावं म्हणून निफाडच्या जावेनं दोन किलो काळ्या मनुका धाडल्या. डॉक्टरांनी मात्र कमरेच्या हाडात सुई घालून बोन मॅरो तपासायला घेतला. थोडं दुखेल म्हणाले. त्या माणसाला 'थोडं' म्हणजे किती, हे एकदा कुणीतरी समजावून सांगा.

रिपोर्टच्या दिवशी मुलगा म्हणाला, अजून दोन दिवस लागतील. मी त्याला ओळखून आहे, खोटं बोलताना तो फार गोड बोलतो. पुन्हा केमो घ्यायची की नाही हे मला ठरवायचं होतं, आणि हा परस्पर हो म्हणून मोकळा झाला असता. तो कामावर जाताच मी रिक्षा केली. पावती माझ्याच पर्समध्ये होती.

लॅब दुसरीच होती, मला तिथं कोणी ओळखत नव्हतं. तिथल्या पोरीनं पावती पाहिली, कॉम्प्युटर पाहिला आणि मान खाली घातली. "काकू, सोबत कोणी आलंय का?"

माझीच काठी माझ्याच पाठीत! पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. सांगून टाकलं की पेशंट माझी बहीण, घरी झोपून आहे, सोबतची ती मीच. पोरीचा जीव भांड्यात पडला. तिनं मला बाजूला नेलं, पाणी दिलं, म्हणाली, त्यांना एकदम सांगू नका. त्यांच्या मुलाला कालच मोबाइलवर रिपोर्ट पाठवलाय.

बाहेर पायरीवर बसून वाचलं. आतड्याचा कॅन्सर बोन मॅरोत पोचला होता, रक्त जिथं तयार होतं तिथंच. आता मनुका बिचाऱ्या काय करणार? मला हसूच आलं. मग कागद पाकिटात घातला आणि घरी आले.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. ते पाहून एवढा चाळिशीचा बाप्या हमसून रडायला लागला. कालपासून एकटाच घेऊन फिरत होता वेडा. त्याला झापायचं म्हणून दिवसभर काय काय जुळवून ठेवलं होतं, ते सगळं सोडून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

जरा शांत झाल्यावर मी सांगितलं, उद्या डॉक्टरांशी मी बोलणार, आणि केमोचं काय ते मीच ठरवणार. तो बरं म्हणाला. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "मी बाहेर थांबू का?"

"नाही रे," मी म्हटलं. "तू आत ये. मला एकटीला भीती वाटते."