भुताचा बूट

गंगापूर रोडवरच्या फिल्म क्लबने परवा सकाळी एक जुना, स्वस्तात काढलेला भुताचा सिनेमा दाखवला. शेजारच्या काकांना मीच घेऊन गेलो. चांदवडच्या घाटात झालेल्या त्याच्या शूटिंगमध्ये भुताचं काम काकांनीच केलं होतं. तोंडावर बोटभर रंग थापलेला, त्यामुळे आजवर त्यांना कोणी ओळखलेलं नाही. आज तरी ओळखतील म्हणून ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

सिनेमानंतर एका अभ्यासकांनी पाऊण तास भाषण केलं. भुताचं लंगडणं हे मोडलेल्या ग्रामीण मनाचं रूपक आहे आणि त्याच्या प्रभावामुळेच पुढच्या सगळ्या मालिकांतली भुतं लंगडतात, असं ते म्हणाले. लोकांनी ते वहीत उतरवून घेतलं. असल्या लोकांना वही नेहमी हाताशी सापडते.

काका उठले. "साहेब, ते भूत मी होतो. बूट चावत होता हो, म्हणून लंगडलो."

सभागृह हसलं. अभ्यासक गोड आवाजात म्हणाले, "काका, हा तुमचा व्यक्तिगत अन्वयार्थ झाला."

नंतर चहाला अभ्यासकांभोवती सेल्फीसाठी गर्दी झाली. काका मात्र ताठ चालत जिना उतरले. थोडे लंगडले असते तर कोणीतरी ओळखलं असतं.