शेरा : चव चांगली

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होते, तेव्हा अंजनाच्या लेकीचा, रेश्माचा फोन आला. "मावशी, माय गेली..." एवढंच बोलली आणि फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी बरं म्हणतं का? पण मी म्हटलं. वांगी तोलून घेतली, पिशवी उचलली, घरी आले आणि पायरीवरच बसले. त्याला आता दीड महिना होईल. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं अशी रीत आहे. अंजनाबद्दल गोड लिहायला मला काहीच जड नाही. जड जातं ते बाकीच्यांबद्दल, आणि त्या बाकीच्यांत मीही आले.

अंजना महागाव तालुक्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका होती. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. प्रशिक्षणाला यवतमाळला एकाच खोलीत होतो, एकाच डब्यातलं तुरीचं वरण खाल्लं. तिच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली तिच्या सासऱ्यांनी हातानं लिहिलेली पाटी होती : खोटी सही करू नये. मी तिला हसायची, म्हणायची, तुझ्या घरात देवासारखी सहीची पूजा चालते. पुढे मी परीक्षा देऊन पर्यवेक्षिका झाले आणि तिच्याच अंगणवाडीची तपासणी माझ्याकडे आली. चारचौघांत ती मला मुद्दाम ठसक्यात "मॅडम" म्हणायची. "मॅडम, खुर्ची पुसून ठेवली आहे, बसा. पाय दुखत असतील साहेबपणानं!" आणि सगळे गेले की, "सुनंदे, चहा पेतं का वं?"

अंगणवाडीत एक वही असते, फार कुणाला ठाऊक नसते. चव नोंदवही. लेकरांना वाढण्याआधी सेविकेनं अन्न स्वतः चाखायचं आणि कसं झालं ते लिहून सही करायची. नियम चांगला आहे. पाळत कुणी नाही. बहुतेक सेविका महिनाअखेरीला एका बैठकीत, एका पेनानं, सगळ्या रकान्यांत "चव चांगली" लिहून मोकळ्या होतात, आणि माझ्यासारख्या बाया खाली सही ठोकतात. अंजना मात्र रोज चाखून रोज लिहायची. "मीठ जास्त. चूक माझी." "वरण पाणचट, शकुंतलाचं ध्यान कुठे होतं?" "मटकीची उसळ झकास, पोट्ट्यांनी दोनदा घेतली." शकुंतला आणि तिच्या बचत गटाच्या चार बाया तेव्हा गावातच स्वयंपाक करून द्यायच्या. शेरा वाचून त्या अंजनाशी भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी वरण घट्ट व्हायचं. इतकी साधी गोष्ट. मी ती वही टाइमपास म्हणून वाचायची, हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं.

मग वरून आदेश आला. आता अन्न पाकिटातून येणार, एकाच मोठ्या कंपनीकडून. गावच्या बायकांनाही निविदा भरायची मुभा होती म्हणे! अट एवढीच, की उलाढाल मोठी दाखवा आणि स्वतःचा कारखाना दाखवा. पाच बाया, दोन भगोणी आणि एक चूल, कुठला कारखाना दाखवणार त्या? असल्या अटी लिहिणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. कुणाला नाही म्हणत नाहीत, फक्त दार एवढं उंच करतात की ठराविक माणसाचाच हात कडीला पुरावा. कंपनीनं आम्हाला यवतमाळला हॉटेलात बोलावून माहिती दिली. स्टेजवर पाकिटांची आरास, पाकिटावर गुबगुबीत गोरं बाळ. एवढ्या नोकरीत असलं बाळ मी आमच्या एकाही गावात पाहिलं नव्हतं. जेवणात आम्हाला पनीर होतं आणि गुलाबजाम. मी दोन खाल्ले. आज आठवलं की शिसारी येते, पण त्या दिवशी मस्त लागले होते, हेही सांगून टाकते.

पाकिटं आली. पीठ पाण्यात शिजवायचं की झाला गोड शिरा. पहिले चार दिवस लेकरांनी नवलाईनं खाल्लं, मग तोंड फिरवू लागली. आयांनी घरी नेऊन शेळ्यांपुढे टाकलं. गावोगाव हीच गत, आणि गावोगावच्या वह्यांत "चव चांगली". अंजनाच्या वहीत मात्र, "खवट." "आजही खवट. सात पोट्ट्यांनी थुंकलं." "पिहूनं दोन घास घेतले, ओकली." पिहू तिथली दोन-अडीच वर्षांची पोर. आई पहाटेच कापूस वेचायला जायची, पोरीचं दिवसभराचं खाणं अंगणवाडीतच. शकुंतलाच्या खिचडीवर ती हळूहळू हिरव्या पट्ट्यात आली होती. वजनाच्या तक्त्यावर हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे जिवाला धोका. पाकिटं सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात पोर लाल पट्ट्यात. अंजनानं तो तक्ता माझ्यासमोर धरला. "पाह्य मॅडम. हे तुह्या कंपनीची उलाढाल."

मी अहवाल पाठवला, नाही असं नाही. अहवाल वर गेला आणि कंपनीचं पत्र होऊन खाली आला. पाकिटांचा नमुना प्रयोगशाळेत उत्तम ठरला होता. नमुना कंपनीनं निवडला, कंपनीनंच पाठवला, हे त्यात नव्हतं. खाली एक ओळ होती, ती मला पाठ आहे : सदर चव घेणाऱ्या सेविकेची याबाबतची पात्रता काय? माय वं! जिनं रोज चाखून लेकरं वाढवली, तिची पात्रता! साहेबांनी मला बोलावून कोरी वही हातात दिली. जुनी वही जमा करा, नवीन वहीत त्या सगळ्या महिन्यांचे शेरे व्यवस्थित लिहून घ्या. व्यवस्थित म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती.

ती कोरी वही घेऊन मी गेले. अंजना दळण निवडत बसली होती. तिनं वही उलटसुलट पाहिली.

"कायले आणली?"

"तुझी नोकरी वाचवायला. दोन वर्षं राहिली तुझी. लिही आणि मोकळी हो, कोण वाचतं वं ते?"

"कोणी वाचत नाही तं बदलून काहून मागून राह्यले?"

मी खूप बोलले. रेश्माचं लग्न व्हायचं आहे, हातात चार पैसे असलेले बरे, एकटीनं लढून आभाळ फाटत नाही... माझं सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "हे पोट्टे बोलत नाहीत, सुनंदा. थुंकतात फक्त. त्यांचं मी लिहून ठेवलं. ते खोडून दिल्यावर त्यांचं काय राह्यलं?" आणि वही माझ्या मांडीवर परत ठेवली. चहा मात्र दिला. मी तो प्याले.

नोटीस निघाली. शासकीय अभिलेखात अनुचित शेरे, वरिष्ठांच्या सूचनांचा अवमान. पर्यवेक्षिका म्हणून शिफारशीखाली सही माझी आहे. साहेबांनी सांगितलं, कंपनीचा दबाव होता, माझीही निवृत्ती तोंडावर होती... ही सगळी कारणं माझी रात्रंदिवस स्वतःला सांगून झाली आहेत, तुम्हाला नव्यानं सांगत नाही. अंजनाला कमी केलं. पिहूला ती घरी बोलावून आपल्या ताटातलं भरवायची. त्या पोरीची रेषा पुन्हा हिरव्यात आली, पण ती नोंद कुठल्याच वहीत नाही. कंपनीला पुढच्या मुदतीसाठीही काम मिळालं, आमच्याच वह्यांच्या जोरावर. हजारो रकाने, चव चांगली, चव चांगली. थू आहे आमच्या जिनगानीवर.

मी निवृत्त झाले. निरोपाला अंजना आली नाही, येणार तरी कशी? एकदा शेवग्याच्या शेंगा पाठवल्या तिनं, निरोप काहीच नाही. मग ती वांगी, तो फोन. ब्लड प्रेशर होतं तिला, अंगणात लकवा मारला, यवतमाळला नेईतो सगळं आटोपलं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले नाही, धजले नाही. मागच्या आठवड्यात गेले. रेश्मा माहेरीच आहे, दोन महिन्यांचं बाळ झोळीत. तिनं पाणी दिलं, बसली, आणि म्हणाली, "मावशी, एक विचारू? रागावू नका. माय म्हणे, सुनंदा वाईट नाही, तिनं एकदा चाखलं असतं तं सही केली नसती. तुमी चाखलं होतं का ते?"

इतकी वर्षं मी तपासणीला फिरले. पाकिटं मोजली, तारखा पाहिल्या, आयांच्या सह्या पाहिल्या, पोत्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतले. म्हटलं, "नाही."

बाळंतीण म्हणून रेश्मालाही तीच पाकिटं मिळतात. फडताळात न फोडलेली पडून होती. तिनं एक फोडलं, गॅसवर शिजवलं आणि गरम गोळा माझ्या तळहातावर ठेवला. "माय हातावरच घेऊन चाखे," ती म्हणाली. "चमच्याची चव मधी येते म्हणे."

आधी नुसतंच गोड. मग जुन्या तेलाचा वास, मग घशात कडवट काहीतरी, उतरेना. रेश्मा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी उठले आणि मोरीत थुंकले.

"लिहा मग," ती म्हणाली.

लिहिते. खवट आहे. लेकरांना देऊ नका.