सिरोंच्याचे दगड आणि वासेकर सर

आज रविवार. सकाळी पाणी भरले, जेवण उरकले आणि वासेकर सरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसले. मी सरांची विद्यार्थिनी नाही. माझे पती रामटेके हे चंद्रपूरला सरांच्या भूगर्भशास्त्र विभागात परिचर होते. आमच्या लग्नानंतर महिन्याभरातच सर घरी आले. "बाई, तुमच्या नवऱ्याले आठ दिवस सिरोंच्याले नेतो. राग नका धरू." पुढे दरवर्षी नेत राहिले.

सिरोंच्याकडे नाल्यांच्या काठांवर कोटा नावाचा खडक उघडा पडला आहे. डायनासोरांच्या काळातल्या नदी-तळ्यांचा गाळ थरावर थर बसून तो झाला. त्यातल्या पांढरट चुनखडीत माशांचे खवले दिसतात. तिथून आणलेल्या प्रत्येक दगडावर हे पांढरा ठिपका देऊन शाईने आकडा घालत. कोणता आकडा कुठल्या नाल्यातला आणि तो दगड कसा, ते वहीत.

हे गेल्या वर्षी वारले. घरी ठेवलेल्या त्यांच्या दगडांच्या पेट्या मी कधी उघडल्या नव्हत्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी घर साफ करताना ते ठिपके मी चुन्याचे डाग समजून आकड्यांसकट घासून काढले. सगळे. विभागात ह्यांच्या नावाने या दगडांचे कपाट होणार होते. सापडल्याची जागा माहीत नसलेला दगड तिथे ठेवत नाहीत, हे नंतर कळले.

सरांना सांगताना मला रडू आले. सर रागावले नाहीत. "रामटेकेनं जन्मात एवढे चकाचक नाई ठेवले," एवढेच म्हणाले. मग तीन रविवार आमच्या अंगणात बसून ते दगड भिजवत, भिंगातून पाहत, पोत कळावा म्हणून जिभेला लावत.

"सर, चटणी देऊ का सोबत?"

"द्या. अळणीच लागून राह्यले."

वहीशी जुळवत बाकी सगळे लागले. सारख्या दिसणाऱ्या चुनखडीचे दोन उरले, आणि वहीत दोन नाले.

"सर, घाला ना कोणताही आकडा. कोणाले समजते?"

"रामटेकेले समजलं असतं, बाई."

या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी, सर मला एसटीने सिरोंच्याला घेऊन गेले. दुसऱ्या नाल्यातल्या चुनखडीत तांबड्या मातीची बारीक रेघ होती. तशीच रेघ आमच्या दोनांपैकी एका दगडात निघाली. ह्यांची आठ-आठ दिवसांची जागा मी पहिल्यांदा पाहिली. काठावर सावली आहे. बरे वाटले.

परतल्यावर सरांनी ब्रश माझ्याच हाती दिला. "तुमीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि नाल्यात उतरण्याइतके गुडघे शाबूत राहोत.

शेवटचे दोन दगड राहिले आहेत. ठिपक्यांचा रंग वाळला असेल. शाईची बाटली उघडते.