दोन काचांची खिडकी

कुडाळच्या खिडक्यांच्या दुकानात ती म्हातारी मला एकदाच भेटली. हायवेच्या ट्रकांच्या आवाजाला कंटाळून मी तीन काचांची खिडकी घ्यायला गेलो होतो. तिची जुनी खिडकी खाऱ्या हवेने कुजली होती. नमुन्याची स्वच्छ काच ती पुन्हा पुन्हा पदराने पुसत होती.

"मावशी, तीन काचांची घे," दुकानदार म्हणाला. "दर्याचो आवाजच बंद. निवांत झोप लागतली."

ती माझ्याकडे वळली. "झिला, पलीकडे रवान हाक मार बघया. 'आये' म्हण."

मी संकोचत तीन काचांमागे गेलो आणि हाक मारली. कान टेकून उभ्या असलेल्या तिने नकारार्थी मान हलवली. मग दोन काचांमागून हाक मारली. तिने डोळे मिटून घेतले.

"हीच दी," ती दुकानदाराला म्हणाली. "माझो झील, माझो पोरगो, होडी घेवन गेलो, तो अजून येवक नाय. परत इलो काय होडी वर ओढूक हाक मारतलो. ती माका आयकाक येवक व्हयी."

दुकानदाराने दोन काचांच्या खिडकीचं माप लिहून घेतलं.

मी तीन काचांचीच घेतली. घरात आता ट्रक ऐकू येत नाहीत. मला हाक मारणारं तसंही कोणी उरलेलं नाही.