शेवटचा साधा सभासद

इस्त्रीकाकांच्या चर्चमध्ये पदाधिकारी भरपूर होते. साधा सभासद मात्र एकच उरला होता, आणि तो म्हणजे खुद्द इस्त्रीकाका.

ही वेळ काही एका दिवसात आली नव्हती. कोणी रुसलं की त्याला एक पद द्यायचं, ही तिथली रीतच पडली होती. मंडळीचे वडील आणि सेवक ही जुनी पदं भरली तेव्हा माइकप्रमुख आला. त्याच्या मेहुण्याचं नाक वर चढलं, म्हणून माइक-उपप्रमुख आला. मग फुलदाणीप्रमुख, पंखे लावणारे प्रमुख, पंखे बंद करणारे प्रमुख. आणि या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. प्रत्येकाच्या छातीवर जांभळ्या रिबिनीचा बिल्ला. रविवारच्या उपासनेत पाहावं तर सगळे वरबाप, वऱ्हाडी एकही नाही.

त्या रिबिनी शनिवारी इस्त्रीकाकांकडे यायच्या. चर्चसमोरच्या जिन्याखाली त्यांचं दुकान: एक टेबल, त्यावर कोपरे जळलेलं घोंगडं आणि जड इस्त्री. काका ओला फडका घालून हलक्या हातानं रिबिनी सरळ करायचे. बिचाऱ्यांना कधी रुसता आलं नाही, म्हणून पदही मिळालं नाही.

पण घरी काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. पडल्याचं निमित्त झालं, कंबर मोडली, ती काही पुन्हा सांधली नाही. एके काळी चर्चमध्ये गाताना त्या सगळ्यांच्या एक ओळ पुढे असायच्या. आता त्यांची एकच इच्छा होती: मंडळीतलं कुणीतरी यावं, पलंगाशी बसून प्रार्थना करावी, एखादं गीत म्हणावं. दर रविवारी त्या पलंगाजवळची खुर्ची पुसून घ्यायच्या आणि दार उघडं ठेवायला लावायच्या.

“अहो, येतो म्हणाले का कुणी?”

“पुढच्या रविवारी,” काका म्हणायचे. खोटं बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

विचारलं तर त्यांनी सगळ्यांना होतं. मंडळीचे वडील म्हणाले, “आजारी माणसं सेवकांकडे.” सेवक म्हणाले, “काकू गायच्या ना? मग गायनप्रमुखांना विचारा.” गायनप्रमुखांचा घसा बसला होता. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, खरंच हळहळले. “मी आत्ता निघालो असतो हो काका, पण वडिलांना डावललं असं त्यांना वाटेल.”

मग वार्षिक सभा आली. तिथला नियम असा, की ज्यांना पद नाही त्यांनीच हात वर करून पदाधिकारी निवडायचे. म्हणजे एकटे काका. आठवडाभर दुकानासमोर “काय काका, तब्येत बरी ना?” करत ही रांग! काकूंची तब्येत विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

चिटणीसांनी नावं वाचली. काकांचा हात काही वर होईना.

“काका, हात!”

“करतो,” काका उठून म्हणाले. “आधी माझ्या घरी कुणीतरी या. ती रोज वाट बघते हो.”

सभेला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, आणि म्हणून लगेच चर्चा सुरू झाली. हे काम नेमकं कोणाचं? शोधता शोधता कळलं, की हे कोणाचंच नाही, कारण गृहभेट विभागाला प्रमुखच नव्हता. चिटणीसांचा चेहरा खुलला. “मग काकांनाच करू या! जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे!”

मत द्यायला काकाच. चिटणीसांनी त्यांचाच हात धरून वर केला. टाळ्या पडल्या. त्याच हातावर बाकीची नावंही उरकून घेतली. पुढच्या वर्षी निवडून कोण देणार, असं कुणीतरी पुटपुटलं, तेव्हा त्यासाठी एक उपसमिती नेमली. पाळकसाहेबांनी काकांच्या सदऱ्याला बिल्ला लावला. रिबीन चुरगळलेली होती.

काका घरी आले. दार नेहमीसारखं उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली.

“कोण?”

“चर्चमधून आलोय. भेटीला.”

काकूंनी लगबगीनं केस सारखे केले. मग त्यांना बिल्ला दिसला, बिल्ल्यामागचा नवरा दिसला.

“या ना. बसा. खुर्ची पुसूनच ठेवलीय.”

वर्षभर पाहुण्यांसाठी राखलेल्या त्या खुर्चीवर काका पहिल्यांदाच बसले. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला आणि जमेल तशी प्रार्थना केली. गीतही म्हटलं, सूर सोडून. काकू आजही एक ओळ पुढेच होत्या.

गीत संपलं तशी त्यांनी दाराकडे पाहिलं.

“बाकीचे मागून येताहेत का?”

पुढच्या रविवारी, असं काकांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी बिल्ला काढून उशाशी ठेवला.

“नाही गं. कुणी येणार नाही.”

काकूंनी बिल्ल्याची चुरगळलेली रिबीन बोटानं सारखी केली.

“मग ते दार लावून घ्या,” त्या म्हणाल्या.