गाडीला चहा पाजता येत नाही

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, विमा कंपनीत सर्व्हेअर होते. ठोकलेली गाडी बघायची आणि चूक कोणाची ते ठरवायचं, हे त्यांचं काम. पण गाडीकडे बघायचे ते नावापुरतंच. आधी गॅरेजवाल्याच्या खर्चाने चहा मागवायचे, भरपाई मागणाऱ्याला खुर्ची द्यायचे आणि समोरच्या गाडीवाल्याला दोन शिव्या हासडायचे. कोणी आपली एवढी बाजू घेतली की माणसालाही भिडेपोटी थोडं पडतं घ्यावंसं वाटतं. चहा संपायच्या आत तो म्हणायचाच, 'तसं माझंही जरा चुकलंच.' झालं. तेवढं टिपून घ्यायचं आणि भरपाईला कात्री लावायची. हे पराक्रम ते आम्हाला जेवताना ऐकवायचे आणि माझी बहीण कौतुकाने त्यांना वाढायची. मला मात्र ते ऐकवत नसे.

मग आपल्या आपण चालणाऱ्या गाड्या आल्या. गाडी बनवणारी कंपनीच सांगू लागली की चालवतो आम्ही, जबाबदारीही आमची, वेगळा विमा हवाय कशाला? भावोजींच्या ऑफिसातली टेबलं रिकामी व्हायला लागली. आता गाडीला काही चहा पाजता येत नाही, असं मी तोंडावर म्हटलं, तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. बरी जिरली, असं मला वाटलं होतं. पण असल्या माणसांचं कधी अडत नाही. त्याच गाडी कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. गाडी गप्प असली तरी आत माणूस बसलेला असतोच, आणि त्याला चहा चालतो. 'मी लक्ष ठेवायला हवं होतं', एवढं त्याच्याच तोंडून वदवलं की कंपनी सुटली. ही विद्या शिकवायला भावोजींच्या हाताखाली माणसंही दिली.

माझी भाची, म्हणजे भावोजींचीच लेक, नर्स आहे, आजाऱ्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करते. तिला अशी गाडी घ्यायला लावली ती भावोजींनीच. एका वळणावर त्या गाडीने सायकलवरच्या म्हाताऱ्याला उडवलं. भाची खाली उतरली आणि त्याचा मोडलेला पाय तिने स्वतःच्या हाताने बांधला. आता चूक तिच्यावर आली तर लायसन्स जाणार, त्यापाठोपाठ नोकरी, आणि म्हाताऱ्याची भरपाईही तिच्याच डोक्यावर बसणार होती.

चौकशीला यायचा होता तो भावोजींच्याच हाताखालचा माणूस. तो येण्याआधी मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून विनवलं की लेकीला एवढंच सांगा, चुकलं म्हणू नकोस.

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "आणि ती काय लहान आहे?"

तो माणूस आला, तसा बहिणीने चहा आणला. पाहुण्याने गाडीला मनसोक्त नावं ठेवली, भाचीला केवढा मनस्ताप झाला म्हणून हळहळला. भावोजी शेजारीच बसून बशीत बघत होते. ते किस्से ऐकतच पोरगी वाढलेली, पण तिच्या डोळ्यांसमोर तो पाय होता. तिला कसला डाव सुचणार?

"गाडीचं काय, यंत्रच ते," ती म्हणाली. "माझंही जरा चुकलंच. मी बघायला हवं होतं."

पाहुण्याने टिपून घेतलं आणि सवयीने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनीही सवयीने मान डोलावली, शाबास म्हणावं तशी. भाचीने ते पाहिलं.

"बाबा, याला तुम्हीच शिकवलंत ना?"

भावोजींनी कप तोंडाला लावला. त्यातला चहा केव्हाच संपला होता.